हलामास्तर

माझ्या तीन डोक्यांचा फोटो अजून माझ्या पेटीत आहे. एक डोकं सरळ बघतंय, दुसरं डावीकडे फणकारलंय आणि तिसऱ्याचा नुसता अंबाडा दिसतोय. अंगात मात्र एकच पोलकं आणि एकच साडी. ट्रेनिंगच्या फॉर्मला लावायला म्हणून मी तो काढून घेतला होता. आणि काढणारा माणूस मला तो दाखवताना इतका खूश होता, की क्षणभर मलाच वाटलं, मी काहीतरी पराक्रम केलाय.

"मास्तर, मला तीन डोकी आहेत का हो?" मी विचारलं.

"नाही बाई. पण तुम्ही माझ्यावर तीनदा रागावलात. ते तिन्ही आलेत बघा."

मी तरातरा वर निघून आले. आईला फोटो दाखवला. आईने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "बरं आहे की. तिघींतल्या एखादीला तरी अक्कल असेल."

तेव्हा मी पनवेलला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई आणि मी बाजारपेठेच्या मागच्या आळीत माडीवर राहायचो, आणि आमच्या बरोब्बर खाली ह्या मास्तरांचा स्टुडिओ. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. गाव त्यांना हलामास्तर म्हणायचं. जगातले सगळे फोटोग्राफर गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतात आणि 'हलू नका' म्हणतात. हा माणूस काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून ओरडायचा, "हला! अहो, हला की जरा! देव्हाऱ्यात बसवलंय का तुम्हाला?"

मी पडले शिक्षिका. दिवसभर चाळीस मुलींना 'हलू नका, गप्प बसा' सांगून माझा घसा बसायचा. संध्याकाळी जिना चढताना खालून 'हला, हला' ऐकू आलं की माझं डोकंच फिरायचं. (एकच. तीन नव्हे.)

मास्तर उंच, काटकुळे, आणि बोटं औषधांनी कायमची तपकिरी झालेली. लग्नात जेवायला बसले की शेजारचा जरा सरकून बसायचा. त्यांचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर ठेवलेली एक लाकडी पेटी. पुढे भिंग, भिंगावर पितळेचं टोपण. टोपण काढलं की फोटो सुरू, लावलं की बंद. दुसरे लोक 'एक, दोन' म्हणून टोपण लावून टाकत. मास्तर टोपण काढायचे, दातात धरायचे आणि खुशाल दहापर्यंत, वीसपर्यंत मोजत उभे राहायचे. तोंडात टोपण, त्यामुळे आकडे असे यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांची दाढ दुखतेय.

तेवढ्या वेळात गिऱ्हाईक हललं, की त्याचा धूर व्हायचा. पण मास्तरांना तोच धूर हवा असायचा. आणि त्या धुरातच माणसाचा चेहरा स्पष्ट हवा असला, तर मध्येच कधीतरी ते फ्लॅश उडवायचे. चकचकीत बशी, तिच्यात एक काचेचा बल्ब. एकदा भक्कन पेटला की संपला. एका बल्बचा एकच उजेड. पण त्या एका उजेडात माणूस होता तसा पकडला जायचा, आणि आजूबाजूला त्याचं हलणं रेघांनी उमटायचं. जळके बल्ब ते फेकत नसत. दोऱ्यात ओवून स्टुडिओच्या दाराला तोरण लावलं होतं. वारा आला की त्याची किणकिण आमच्या माडीपर्यंत यायची.

असल्या फोटोंवर पोट कसं भरेल? म्हणून ते साधेसुधे फोटोही काढायचे, पण चेहरा पाडून. जहाजावर नोकरीला निघालेले कोकणी मुसलमान खलाशी यायचे, कचेरीतले कारकून यायचे, सांगून येणाऱ्या स्थळांसाठी मुली यायच्या. ह्यांचा नियम एकच. एक फोटो तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. मलाही दुसऱ्या दिवशी एका डोक्याचा फोटो मिळाला. तो मी फॉर्मला लावला. आता तो कुठे आहे देव जाणे.

स्टुडिओच्या काचेच्या कपाटात नवरा-नवरींच्या रांगेत एक फोटो होता. त्यात माणूसच नव्हता. तिन्हीसांजेचा रस्ता, कडेला वडाचं झाड, आणि रस्त्याच्या वळणावरून दोन पांढऱ्याशुभ्र रेघा वळत गेलेल्या. लोक विचारायचे, "हे काय हो मास्तर?"

"एस.टी."

"गाडी कुठाय?"

"गेली," मास्तर म्हणायचे.

तो फोटो काढताना एका हवालदाराने त्यांना हटकलं होतं म्हणे. रस्त्याच्या कडेला तिपाई लावून, तोंडात काहीतरी धरून हा माणूस पुटपुटतोय, म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे! पण मास्तर मोजत होते. पंचवीस झाल्याशिवाय उत्तर देता येईना. हवालदाराला वाटलं, मंत्र म्हणतोय. तो बिचारा चार पावलं मागे सरला.

माझं आणि मास्तरांचं सूत जमलं ते दिवाळीत. माझ्या वर्गातल्या मुली माझ्याकडे फराळाला आल्या होत्या. मास्तरांनी त्यांना खाली बोलावलं, दारं-खिडक्या लावून भरदुपारी काळोख केला, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक फुलबाजी दिली. "हवेत आपापलं नाव लिहा. टोपण काढलं की सुरू करायचं." मुली काय, हुंदडल्याच! दुसऱ्या दिवशी फोटो बघितले तर काळ्याभोर अंधारात चांदीच्या तारेने लिहावं तशी नावं, पण सगळी उलटी. कॅमेरा समोरून बघत होता ना! मास्तर गंभीरपणे म्हणाले, "हरकत नाही. पोरींनो, उलटं लिहायला शिका."

आणि त्या शिकल्या की हो! सुट्टी संपून शाळा उघडल्यावर आठ दिवस मैदानात, गॅलरीत, फळ्याच्या मागे, जिथे बघावं तिथे मुली हवेत बोटं फिरवून उलटी अक्षरं काढतायत. पुढच्या चाचणीच्या पेपरात तिघींनी पहिली ओळ उलटी लिहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मी तणतणत खाली गेले. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं म्हणजे फोटोची काच उलटी ठेवून छापलं की अक्षरं सुलटी येतात."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मुलींना मजा येत होती, बाई."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं! मी तिथेच स्टुलावर बसून हसत सुटले. त्या दिवसापासून संध्याकाळी जिना चढण्याआधी मी खाली दहा मिनिटं टेकायला लागले. आईला ते फारसं पसंत नव्हतं, पण तिचाही एक फोटो मास्तरांनी काढला होता. जात्यावर दळताना. दोन हात स्पष्ट आणि जात्याचा नुसता भोवरा. तो बघून ती निवळली.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "मास्तर, हे हलण्याचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून?"

ते उठले. आत गेले आणि खणाच्या तळातून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. खुर्चीत बसलेली एक बाई. नवं लुगडं, कपाळाला भलंमोठं कुंकू, डोळे अर्धवट मिटलेले. मला कळायला थोडा वेळ लागला. ती बाई जिवंत नव्हती.

"आई," ते म्हणाले. "जन्मात एकच फोटो निघाला, तोही गेल्यावर. कुणा एका फोटोवाल्याला घाईघाईने बोलावून आणलं. त्याला फार सोपं गेलं असेल, नाही?"

त्या काळी बहुतेक घरांत असंच चालायचं. माणूस असेपर्यंत फोटोचं नाव नाही, आणि गेलं की पळापळ. मग त्या फोटोला चौकट, चौकटीला हार. मास्तर सांगत होते, "तेव्हापासून बाबा फोटोचं नाव काढू देत नाहीत. म्हणतात, फोटू काढला की हार आलाच. आणि मला एवढंच पाहिजे, की बाबांचा फोटो असा निघायला नको. हलता पाहिजे. जिता."

ह्या बाबांना मी ओळखत होते. सगळं पनवेलच ओळखत होतं. आमच्या आळीपासून पाच मिनिटांवर, तळ्याकडे उतरताना, त्यांचा बैलगाडीच्या चाकांचा कारखाना होता. पनवेलच्या चाकांना पार घाटापर्यंत मागणी असायची, आणि म्हाताऱ्याच्या हातचं चाक म्हणजे डोळे मिटून घ्यावं. मुलाने त्याच कामात पडावं हा बापाचा हिशेब. मुलगा मुंबईला गेला तो कॅमेरा शिकून आला. बाप म्हणाला, "मी बनवतो ते मानसाला कुठं तरी न्हेतं. तू मानसाला खुर्चीत बसवून ठेवतोस." ते शेवटचं बोलणं. पुढे नऊ वर्षं अबोला.

अबोला म्हणजे काय, तर थेट बोलायचं नाही एवढंच. मास्तर रोज सकाळी कारखान्यात जाऊन बसायचे. चहा प्यायचे. म्हातारा समोर चाकाचे आरे तासत बसलेला, आणि बोलणं सगळं तिसऱ्याच्या मार्फत. तिसरा म्हणजे गडी, गिऱ्हाईक, नाहीतर मांजर. "त्याला म्हनावं, शर्टाचं बटन तुटलंय," म्हातारा मांजराला सांगायचा. मास्तर मांजराला म्हणायचे, "सांग त्यांना, संध्याकाळी लावतो." मी दोन-तीनदा सोबत गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. मांजर सुटलं बिचारं.

मग एका फाल्गुनात मास्तर पांढरेफटक चेहऱ्याने वर आले. आमच्या घरात ते कधी यायचे नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, बाबा कारखाना बंद करतायत."

ट्रक आले होते, रबरी टायरच्या गाड्या आल्या होत्या, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. गव्हाणच्या एका मिठागरवाल्याची चाकांची जोडी तेवढी हातात होती. ती झाली की भट्टी विझणार. मास्तर हातवारे करत सांगत होते, "चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, ती लाल करून. शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या आगीतून ती उचलायची, लाकडावर बसवायची, वरून घाव घालायचा आणि लगेच पाणी. बाबा सगळ्यात जास्त जिवंत असतात ते त्या वेळी. तेव्हा काढायचा फोटो. दोन चाकं, दोन धावा, एकाच पहाटे. मग पुन्हा कधी नाही."

उन्हाळ्यात हे काम पहाटेच चालायचं, ऊन तापायच्या आत. त्यामुळे अंधुक उजेड आपसूकच मिळणार होता. मास्तरांनी सराव म्हणून शेजारच्या आळीतल्या एका लोहाराचा फोटो काढून पाहिला. तो छापून आला आणि मास्तर कपाळाला हात लावून बसले. लोहार स्पष्ट, सांडशी स्पष्ट, आणि सांडशीत काहीच नाही! तापलेली धाव पार गायब. लोहार चेष्टेने म्हणाला, "मास्तर, मी काय वारा उचलतोय का?"

झालं होतं असं, की मास्तरांचे फोटो ज्या काचांवर उमटायचे त्या लाल रंगाला आंधळ्या. म्हणून तर त्या लाल दिव्याखाली धुता यायच्या. मास्तर स्वतःवरच ओरडले, "दहा वर्षं मी लाल दिवा लावून बसतोय, आणि ह्या काचेला लाल धाव दिसेल म्हणून वाट बघतोय! गाढव आहे मी, बाई, गाढव!" मी 'नाही हो' म्हणाले, पण फार जोरात नाही.

लाल रंग दिसणाऱ्या काचा त्यांनी मुंबईहून मागवल्या. दोनच मिळाल्या. फ्लॅशचा चांगला बल्बही गावात एकच उरला होता. राहिला होता म्हातारा.

त्याला विचारायला मीच गेले. म्हातारा चाकाच्या पुठ्ठ्याची, म्हणजे लाकडी कडेची सांध बोटाने चाचपत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळेना.

"बाबा, एकच फोटो. तुम्हाला बसायला नको, थांबायला नको."

"हार घालायला पायजे असंल त्याला."

"नाही हो बाबा. हार घालण्याजोगा फोटो त्याला काढताच येत नाही. माझी तीन डोकी केली त्याने."

म्हातारा पहिल्यांदा हसला. मग बोट उगारून म्हणाला, "बाई, त्याला सांगा. मी थांबनार नाय. त्याच्याकडं बगनार नाय. माझ्या कामाच्या आड आला तर शेनीत घालीन."

"सांगते," मी म्हणाले. मास्तर दाराच्या मागेच उभे होते. सगळं ऐकलं होतं.

त्या पहाटे मी आईला उठवून सांगून निघाले. कारखान्याच्या अंगणात शेणींचा गोल रचून पेटवला होता आणि निखाऱ्यांत धाव तापत होती. म्हातारा आणि दोन गडी. मास्तरांनी छपरीच्या खांबाजवळ तिपाई लावली. माझ्या हातात फ्लॅश दिला. "बाबांनी हातोडा उचलला की दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. बल्ब एकच आहे, बाई."

पहिल्या चाकाला मास्तरांनी टोपण काढलंच नाही. नुसतं पाहिलं. कोण कुठून चालतं, हातोडा कुठे उचलतो. "पुढच्याला," ते म्हणाले. पण दुसरी धाव तापायला वेळ लागला. शेणी ओल्या होत्या. पूर्वेला फटफटायला लागलं. मास्तर आभाळाकडे बघत होते, निखाऱ्यांकडे बघत होते, आणि माझा हात फ्लॅश धरून अवघडला होता. अजून थोडा उजेड झाला असता, तर टोपण काढताच काच पांढरी पडली असती. मास्तरांनी मला सांगितलं, "बाई, त्यांना विचारा, झाली का?" म्हातारा मला म्हणाला, "त्याला सांगा, लोखंड घड्याल बगत नाय."

शेवटी म्हाताऱ्याने मान हलवली. तिघांनी सांडशीने धाव उचलली. मास्तरांनी टोपण काढून दातात धरलं आणि मोजायला लागले. लालभडक कडं अंगणातून आमच्यासमोरून गेलं आणि चाकावर टेकलं. लाकडाने चर्रर केलं. धूर उठला. म्हाताऱ्याने हातोडा उचलला, आणि मी...

मी बघत राहिले. काय करू? तसं काही मी कधी पाहिलंच नव्हतं. एक घाव झाला, दुसरा झाला, आणि मास्तर टोपणाआडून 'अँ अँ' करतायत हे माझ्या कानावर पडत होतं, पण बोट हलेना. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलं, आणि नको तेव्हा मीच गप्प झाले.

एवढ्यात एका बाजूने लाकडाने पेट घेतला. पाण्याचा गडी घागर उचलायला धावला आणि घसरून पडला. म्हातारा ओरडला, "पानी! पानी वत रे बाला! बगतोस काय, चाक जलतंय!"

सुताराचा मुलगा तो. चाक जळताना हात बांधून कसा उभा राहील? कॅमेरा उघडा टाकून मास्तर धावले, दुसरी घागर उचलली आणि धावेवर धार धरली. भस्सकन वाफ आली. आणि त्या आवाजाने दचकून माझ्या बोटाने कळ दाबली. मी वेळ साधून दाबली असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू?

पांढरा लख्ख उजेड पडला. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की भिंग उघडं आहे, दिवस उजाडतोय, आणि टोपण मास्तरांच्या दातात आहे. मी फ्लॅश टाकला आणि भिंगावर तळहात दाबून धरला. तशीच उभी. चाक गार झालं, दुसरी बाजू झाली, गड्याने कपडे झटकले, तरी मी तशीच.

"काढा हात, बाई," मास्तर येऊन म्हणाले.

"आधी टोपण लावा."

त्यांनी लावलं आणि म्हणाले, "मोडलं सगळं. मी मध्ये गेलो. बाबांच्या आड आलो."

म्हातारा घाम पुसत मला सांगत होता, "बाई, त्याला सांगा, पानी भसाभस वतायचं नाय. बारीक धार धरायची. लाकूड उलतं." पण तो हसत होता, हे मास्तरांना दिसलं नाही. ते कॅमेरा खांद्यावर टाकून चालायला लागले होते.

दिवसभर स्टुडिओ बंद. शाळेत माझं लक्ष नव्हतं. एका मुलीला मी दोनदा हजर लावलं. संध्याकाळी आले, तर मास्तर दारात, तोरणाखाली उभे. हातात ओली छापील प्रत. माझ्या पुढ्यात धरली फक्त.

काय सांगू मी! डावीकडे निखाऱ्यांपासून निघालेला उजेडाचा रुंद पट्टा, सगळं अंगण ओलांडून येतो आणि चाकावर पूर्ण गोल होऊन बसतो. उचलणारे हात कुठेच नाहीत, जणू धाव आपल्या पायांनी चालत आली. आणि मधोमध, केस न् केस मोजावा इतका स्पष्ट, म्हातारा. हातोडा डोक्यावर, तोंड आ वासलेलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. त्याच्यासमोर वाकलेला मुलगा, घागरीतून सुटलेली धार हवेतच थांबलेली, प्रत्येक थेंब पांढरा. आणि मुलाच्या दातांत पितळेचं टोपण.

मी रडले. सरळ रडले. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही उशीर केलात म्हणून." आणि मग आम्ही दोघंही खो-खो हसायला लागलो. वरून आईने विचारलं, "काय झालं गं?"

प्रत घेऊन आम्ही तसेच कारखान्यात गेलो. म्हाताऱ्याने ती डोळ्यांपासून एक वीत धरली, दिव्याकडे नेली, पुन्हा धरली. मग त्याचं बोट मुलाच्या चेहऱ्यावर थांबलं.

"ह्ये तोंडात काय धरलंस?"

थेट विचारलं. मला नाही, मांजराला नाही. म्हातारा पुढे बोलला, "बरं झालं तू पन हायस ह्यात. आता कोनाची छाती नाय मला हार घालायची."

तो फोटो कारखान्याच्या भिंतीवर लागला. भट्टी विझली, पण म्हातारा रोज तिथेच बसायचा, आणि येईल त्याला फोटो दाखवून सांगायचा, "ह्यो माजा पोरगा. धार बग कशी धरलेय." भसाभस ओतल्याचं कुणाला सांगत नसे. मास्तर मात्र होते तसेच राहिले. 'हला, हला' चालूच. सकाळचा चहाही चालू, फक्त मांजराला आणि मला आता काम उरलं नव्हतं.

पाचएक वर्षांनी म्हातारा गेला. तेरावं कारखान्यातच केलं, मी गेले होते. मास्तरांच्या चुलत्याने झेंडूचा जाडजूड हार आणला होता. फोटो चौरंगावर ठेवलेला. चुलते हार घेऊन पुढे झाले, वाकले आणि तसेच थबकले. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांकडे.

"अरे, ह्यात तू आहेस."

"हो, काका."

"जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. तुझा भाग कापून टाक आणि बाबांचा तेवढा वेगळा काढ की."

"कापता येत नाही, काका," मास्तर म्हणाले. "पाण्याची धार तुटेल."

चुलते हार हातात घेऊन बराच वेळ घुटमळले. शेवटी त्यांनी तो नेऊन कोपऱ्यातल्या, म्हाताऱ्याच्या ऐरणीवर ठेवला.

त्या फोटोत म्हातारा अजून ओरडतोय. त्याच्या गळ्यात हार नाही.